सुरतेचा काळा धागा

1937 साली विजय भट्टांचा ‘ख्वाब की दुनिया’ पडद्यावर आला. त्यातला एक माणूस कुणाला दिसत नसे. दिसायच्या त्या फक्त त्याच्या हातातल्या वस्तू, हवेत आपसूक तरंगणाऱ्या. चार वर्षांपूर्वी हॉलिवूडच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ने हाच चमत्कार करून दाखवला होता. भट्टांच्या प्रकाश पिक्चर्सकडे तेवढा पैसाही नव्हता आणि तशी यंत्रंही नव्हती. त्यांच्याकडे होता विशीही न गाठलेला एक सुरती पोरगा, बाबूभाई मिस्त्री. त्याने मागे काळा पडदा लावला, वस्तू काळ्या दोऱ्याला बांधल्या आणि वरून हलवल्या. काळ्यावर काळं कॅमेऱ्याला दिसत नाही, एवढंच त्या जादूचं मर्म. तेव्हापासून सिनेधंद्यात त्याला नाव पडलं, ‘काळा धागा’.

सुरतेच्या माणसाला हे नाव मिळावं, यात गंमत आहे. त्या गावाची कीर्ती सोनेरी धाग्याची. पैठणी असो की शालू, त्याच्या पदरात चमकणारी जर बहुधा सुरतेची. जर करणारे आणि विकणारे ते जरीवाला, असं आडनावच तिथे आहे. जर दिसण्यासाठी असते. बाबूभाईच्या धाग्याची सगळी करामत न दिसण्यात होती.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती 1664 आणि 1670 च्या लुटीमुळे, नाहीतर 1907 च्या काँग्रेसमध्ये उडालेल्या जोड्यामुळे. पण हिंदी पडद्यावरच्या जादूच्या, तलवारबाजीच्या आणि उडत्या गालिच्यांच्या दुनियेचीही मुळं याच गावात सापडतात. ती दुनिया कशी उभी राहिली आणि तिच्यावर जीव टाकणारा प्रेक्षक कसा रुसत गेला, ही गोष्ट आजच्या संगणकी खेळांच्या चाहत्यांनाही ओळखीची वाटेल.

तिची सुरुवात होते गोदीत. 1736 साली ईस्ट इंडिया कंपनीने लवजी नसरवानजी वाडिया या सुरतेच्या पारशी सुताराला मुंबईत आणलं. त्याच्या वंशजांनी दीडशे वर्षं जहाजं बांधली. घराण्याला परळमध्ये वाडा मिळाला, तोच लवजी कॅसल. 1933 मध्ये याच घराण्यातल्या जमशेद आणि होमी या भावांनी तिथे वाडिया मूव्हीटोन सुरू केली. जमशेद, म्हणजे जे. बी. एच., एम.ए., एलएल.बी. झालेला, पण वेड डग्लस फेअरबँक्सच्या तलवारबाजीचं. त्यांचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ अरबी कथांच्या थाटाचा होता.

नाव झालं ते ‘हंटरवाली’ने. पर्थमध्ये जन्मलेली, सर्कशीत काम केलेली मेरी इव्हान्स ‘नादिया’ झाली, तोंडावर बुरखा आणि हातात चाबूक घेऊन घोड्यावर बसली. ऐंशी हजार रुपये खर्चून बनवलेल्या या चित्रपटाला हात लावायला वितरक तयार नव्हते. शेवटी 1935 मध्ये ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो लागला आणि पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. चाबूक, पट्टे, चपला, काडेपेट्या, पत्त्यांचे कॅट, ज्याला जे विकायचं त्यावर त्याने ‘हंटरवाली’ छापलं. वाडियांना त्यातला पैसाही मिळाला नाही.

पुढे ‘मिस फ्रंटियर मेल’, ‘लुटारू ललना’, ‘पंजाब मेल’, ‘डायमंड क्वीन’ असा रतीब सुरू झाला. गोष्टी सुट्या होत्या, एकीचा दुसरीशी संबंध नव्हता. तरी पाहणाऱ्याच्या लेखी ती एकच मालिका होती, कारण मंडळी तीच असायची: नादिया, पिळदार जॉन कावस, सयानी आतिश. शिवाय ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा, ‘गनबोट’ नावाचा कुत्रा आणि ‘रोल्स रॉइस की बेटी’ नावाची एक खटारा मोटार. पहिल्या पाच मिनिटांत घोडा दिसला की चार आण्यांचा प्रेक्षक शिट्टी मारून मोकळा. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असायचं. कसं होणार, एवढ्यासाठी तो आलेला असायचा.

या प्रेक्षकाबद्दल तेव्हाच्या आणि नंतरच्याही शहाण्या लोकांनी फारसं बरं लिहिलेलं नाही. स्टंटपट म्हणजे अडाण्यांची करमणूक, असा शेरा मारून ते मोकळे झाले. हे अन्यायाचं आहे. मराठी वाचकही त्याच मुशीतला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 पासून अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, हळब्यांची ‘मुक्तामाला’ही त्याच साली आली. हरिभाऊ आपट्यांनी वाचकाला चाळीतल्या आणि वाड्यातल्या दुःखांकडे वळवलं, त्याआधीची एक अख्खी पिढी राजपुत्र आणि राक्षसांवर पोसली होती.

चाहत्याचा विश्वास पहिल्यांदा डळमळला तो 1941 च्या आसपास, आणि त्याला कारण खुद्द जे. बी. एच. ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले होते. चाबूक आणि घोडा यांपलीकडे जाऊन काही प्रतिष्ठेचं करावं, असं त्यांच्या मनात होतं. साधना बोस आणि पृथ्वीराज कपूर यांना घेऊन त्यांनी ‘राज नर्तकी’ काढला. तो हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होता. धाडस मोठं होतं. पण ‘हंटरवाली’ची चटक लागलेल्याने मणिपुरी नृत्याचं काय करायचं?

होमीला नादिया सोडायची नव्हती. भाऊ वेगळे झाले. परळचा स्टुडिओ व्ही. शांतारामांकडे गेला आणि त्याचं राजकमल कलामंदिर झालं. जहाजवाल्या सुरती घराण्याच्या वाड्यात मराठी माणसाचा सिनेमा उभा राहिला, ही जागेची गंमत. होमीने बसंत पिक्चर्स काढली आणि 1943 मध्ये पहिलं काय आणलं? ‘हंटरवाली की बेटी’. लोक पुन्हा आले. काय चुकलं होतं हे होमीला बरोबर कळलेलं होतं.

बाबूभाई एव्हाना वाडियांकडे आला होता. 1942 च्या ‘मुकाबला’त त्याने एकाच चौकटीत दोन नादिया उभ्या केल्या. फिल्मचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण, मग तीच फिल्म मागे फिरवून उरलेल्या भागावर पुन्हा. हिशेब केसभर चुकला की सगळं रीळ वाया. बसंतच्या पन्नासच्या दशकातल्या चित्रपटांत त्याच्या हाताला खरा बहर आला: ‘हनुमान पाताल विजय’ (1951), मीनाकुमारी आणि महिपाल यांचा ‘अलादिन और जादुई चिराग’ (1952), शकीला आणि महिपाल यांचा ‘अलिबाबा और चालीस चोर’ (1954), जयराज आणि शकीला यांचा ‘हातिमताई’ (1956). संगीत बहुधा एस. एन. त्रिपाठींचं, कधी चित्रगुप्तांचंही.

‘हातिमताई’ची मूळ कथा तर आजच्या खेळांच्या साच्यातलीच म्हणावी. सात सवाल. एकेका सवालाचं उत्तर आणायला एकेक सफर. वाटेत राक्षस, पऱ्या, तिलिस्म. एक सफर संपली की पुढच्या सवालाचं दार उघडतं. खानदेशातल्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहणारं पोर मनातल्या मनात हातिमच्या जागी स्वतः चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी शेतात लाकडाची तलवार. ज्याला आज लोक रोल-प्लेइंग म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही.

मग उतार लागला. एका दिवसात नाही. पण खुणा साठत गेल्या.

1958 चा ‘झिंबो’ म्हणजे देशी टारझन. तो चालला म्हणून 1960 मध्ये झिंबो शहरात आला आणि 1966 मध्ये त्याला मुलगा सापडला. बाबूभाईने स्वतः दिग्दर्शित केलेला 1962 चा ‘किंगकाँग’ तर नावानेच फसवणारा. मनोऱ्यावर चढणारं अजस्र माकड पाहायला गेलेल्याला तिथे भेटायचा दारासिंग आणि त्याची ताकद. दारासिंगला पाहायला कुणाची ना नव्हती, पण तिकीट माकडाचं काढलं होतं. होमीने 1954 चा ‘अलिबाबा’ 1966 मध्ये पुन्हा केला. या वेळी अलिबाबा झाला हरिहर जरीवाला नावाचा सुरतेचाच तरुण. पडद्यावर त्याचं नाव संजीवकुमार. चार वर्षांनी ‘खिलौना’ आला आणि तो या जादूच्या दुनियेतून निघून गेला, परत आला नाही. नादियाला होमीने 1968 मध्ये ‘खिलाडी’त एकदा शेवटचं उतरवलं, तेव्हा ती साठीला टेकली होती.

मधेच 1963 चा ‘पारसमणी’ झळकला. दिग्दर्शन बाबूभाईचं, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचा प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट. गाणी आजही वाजतात. पण त्या चित्रपटाची आठवण काढणारे बहुतेक जण गाण्यांची आठवण काढतात, जादूची नाही. जादूच्या चित्रपटाला याहून बोलकी पावती कुठली?

धागा दिसू लागला म्हणून लोक गेले, असं एक सोपं उत्तर दिलं जातं. ते पुरतं पटत नाही. धागा पन्नासच्या दशकातही कधीमधी दिसायचाच. तंबूतल्या मळक्या पडद्यावर तर सगळंच हलायचं. तेव्हा प्रेक्षक धाग्याकडे काणाडोळा करायचा, कारण त्याला गोष्ट हवी असायची आणि गोष्टीतली ओळखीची मंडळी हवी असायची. नंतर युक्ती सफाईदार झाली, पण तिच्याभोवतीचं घर उठलं. घोडा गेला, खटारा मोटार गेली, सात सवालांतला एकेक सवाल कापून त्या जागी नाच आला.

मग 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. रामानंद सागरांनी ते चित्रित केलं उंबरगावात, म्हणजे मुंबई-सुरत लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द ओलांडताच. हवेत दोन बाण एकमेकांवर आदळून विझायचे, ते पाहायला रविवारी रस्ते ओस पडायचे. त्यामागून आलेलं ‘महाभारत’ 1990 च्या जूनमध्ये संपलं, आणि त्याच वर्षी बाबूभाईने जितेंद्रला घेऊन ‘हातिमताई’ पुन्हा केला. चौतीस वर्षांनी तेच सात सवाल, त्याच माणसाच्या हातून. जी जादू दर रविवारी घरात फुकट येत होती, तिच्यासाठी आता तिकीट काढायचं होतं.

याच सुमारास अमेरिकेत दुसऱ्या एका मालिकेचं असंच चाललं होतं. रिचर्ड गॅरियटने पोरवयात संगणकावर लिहिलेला ‘अकलाबेथ’ हा खेळ दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकला होता. त्यातून 1981 साली ‘अल्टिमा’ ही मालिका उभी राहिली. खोक्यात कापडावर छापलेला नकाशा मिळायचा. 1985 च्या चौथ्या भागात तर राक्षस मारून खेळ संपतच नव्हता. खेळणाऱ्याने आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि ‘अवतार’ व्हायचं. शब्द आपलाच, गॅरियटने तो हिंदू कल्पनेवरून घेतलेला. सोबत आयोलो, शमिनो, दुप्रे ही मंडळी भागामागून भाग चालायची. ते वाडियांचा घोडा आणि कुत्रा समजा.

1992 मध्ये गॅरियटची कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली. 1994 च्या आठव्या भागात सोबती गायब झाले आणि नायक एकटाच हलत्या दगडांवरून उड्या मारत सुटला. चाहत्यांनी त्याला मारिओच्या चालीवर ‘सुपर अवतार ब्रदर्स’ म्हणून हिणवलं. 1999 च्या नवव्या भागात दृश्यं त्रिमितीत, डोळे दिपवणारी. पण त्यातला अवतार तोंड उघडून विचारतो की पॅलडिन म्हणजे काय? पॅलडिन हा चौथ्या भागातल्या आठ पेशांपैकी एक. चौदा वर्षं खेळलेल्या माणसाला त्याचाच नायक हे विचारतो म्हटल्यावर घरोघर संगणकासमोर लोकांनी कपाळाला हात लावला. त्रुटी आणि अडखळणं त्यांनी सोसलं असतं, पण हा एक प्रश्न त्यांना सोसला नाही. गॅरियट 2000 मध्ये कंपनीतून बाहेर पडला, 2004 मध्ये स्टुडिओ बंद झाला.

रुसलेले चाहते मात्र घरी बसले नाहीत. काहींनी सातवा भाग नव्या संगणकांवर चालावा म्हणून ‘एक्झल्ट’ नावाचं यंत्र स्वतः लिहिलं. काहींनी पाचवा भाग मुळापासून नव्याने बांधला आणि 2005 मध्ये लोकांना फुकट दिला. मालकाने टाकून दिलेलं घर भाडेकरूंनी शाकारावं, तसं.

नादियाच्या बाबतीत हे काम घरातल्याच एकाने केलं. जे. बी. एच. यांचा नातू रियाद वाडिया याने 1993 मध्ये ‘फिअरलेस: द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट केला. नादिया तेव्हा पंच्याऐंशीची होती, 1996 च्या जानेवारीत ती गेली. होमी 2004 मध्ये गेला, बाबूभाई 2010 च्या डिसेंबरमध्ये. रियादच्या माहितीपटात जुन्या रिळांचे तुकडे आहेत. आगगाडीच्या टपावर चाललेली मारामारी आहे, एका हाताने उचलून खांद्यावर टाकलेला गडी आहे आणि पुढे दौडत येणारा ‘पंजाब का बेटा’ आहे.