समुद्र नसलेल्या बेटावरचे सण

परतवाडा सोडून घाट चढू लागलात की वऱ्हाडची कपाशीची काळी जमीन मागे पडते आणि सागाचं जंगल सुरू होतं. सुमारे 1,100 मीटर उंचीवर चिखलदरा आहे. पावसाळ्यात खालच्या दऱ्या ढगांनी भरतात, तेव्हा हे पठार चारही बाजूंनी तुटल्यासारखं दिसतं. समुद्र नाही, पण हे बेटच. वेगवेगळ्या काळी माणसं इथे येऊन टेकली, आपापले देव घेऊन राहिली. आज गाडी घाटमाथ्यावरच ठेवा आणि मागच्या काळात पायी चला.

साल 1488. गाविलगडाच्या दरवाजात तुम्ही उभे आहात. छिन्न्यांचा आवाज थांबत नाही. वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क गडाची डागडुजी करून घेतोय. मूळचा हा विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मणाचा पोर. लढाईत सापडला, मुसलमान झाला, बहमनी चाकरीत वाढला. थोड्याच वर्षांत तो स्वतःची इमादशाही उभारील. वर बघा, दरवाजाच्या दगडावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. हे पाखरू दक्षिणेतल्या देवळांवर तुम्ही पाहिलं असेल. इथे ते मशीद असलेल्या गडाची राखण करतंय. ज्यांच्या नावानं हा गड ओळखला जातो ते गवळी बाहेरच्या माळावर म्हशी चारताहेत. किल्ल्यात दूध-तूप लागतं, ते यांच्याकडूनच जातं.

पुढची तीनशे वर्षं झपाट्यानं ओलांडा. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गड घेतला, दोन दिवसांत नागपूरच्या भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, आणि तोफांचा धूर विरला. तुम्ही थेट 1906 च्या फाल्गुनात उतरा.

एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, हा जिल्हा मोडून गेल्याच वर्षी अमरावतीला जोडलाय. साहेब लोक ऊन तापल्यावर वर येतील, त्यांचे बंगले अजून बंदच आहेत. कॉफीच्या झाडांशेजारून पायवाटेनं तुम्ही कोरकू आदिवासींच्या गावात शिरता. घरांच्या दोन रांगा समोरासमोर, मधे झाडून लख्ख केलेली रुंद वाट. झाडाखाली शेंदूर लावलेले दगड दिसतात, तो मुठवा, गावाचा राखणदार. भुमकानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, त्याची पूजा केल्याशिवाय सण सुरू होत नाही.

रात्री होळी पेटते आणि ढोल सुरू होतात. एकमेकींच्या कमरेला धरून बायांची रांग झुलते, समोर बासरीवाले. मोहाच्या दारूचा वास हवेत आहे. तुमच्या शेजारी बसलेला म्हातारा गोष्ट सांगू लागतो. सातपुड्यात माणूसच नव्हता. रावणानं महादेवाला साकडं घातलं, इथे कुणीतरी वसव. महादेवानं कावळ्याला लाल माती शोधायला पाठवलं. वारुळाची माती मिळाली, तिच्या दोन बाहुल्या घडवल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या. मग महादेवानं मातीचा कुत्रा केला, त्यानं घोडे हाकलले, आणि मुला आणि मुलई ही पहिली जोडी जिवंत झाली. रावणाच्या विनंतीनं जन्मलेली माणसं रावणाला कशी जाळणार? होळीनंतर इथे रावणाचा मुलगा मेघनाथ याचा खांब उभा राहतो. ज्याचा नवस फळला, त्याला वरच्या आडव्या लाकडाला बांधून फिरवतात, खाली सगळं गाव ओरडतं.

हा म्हातारा 1899–1900 च्या दुष्काळातून वाचला आहे. त्याची बोली जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्यानं नुकतीच, 1903 मध्ये, व्याकरणाच्या पुस्तकात बसवली. ती मुंडा कुळातली. तिची संथाळी, मुंडारी ही भावंडं झारखंड-ओडिशाकडे राहिली, मधे शेकडो कोसांवर दुसऱ्याच भाषा. बेट म्हणायचं ते यासाठीही.

आता 1974 ची दिवाळी. फेब्रुवारीतच या डोंगराळ मुलखात, मेळघाटात, व्याघ्र प्रकल्प झालाय. तुम्ही धारणीच्या आठवडी बाजारात उभे आहात, आणि गर्दीतून घुंगरांचा आवाज येतोय. ते थाट्ये, म्हणजे गावांची गुरं राखणारे गोंड. वर्षभर रानात असलेला हा गुराखी दिवाळीनंतरच्या बाजारात राजा असतो. बासरी, ढोल, घुंगरू घेऊन तो दुकानादुकानापुढे नाचतो आणि दुकानदार काही ना काही हातावर ठेवतोच. याला घुंगरू बाजारच म्हणतात. डोळे मिटून नुसतं ऐका: कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्रविड कुळातली, वऱ्हाडी, गवळ्यांची बोली आणि व्यापाऱ्यांची हिंदी आर्य कुळातली. सातपुड्याच्या याच रांगेत पश्चिमेला, जळगाव जामोदकडे निहाली बोलतात. तिचं कुठल्याच कुळाशी नातं जुळलेलं नाही. एवढ्या भाषा, पण नाच पाहायला दुभाष्या लागत नाही.

आणि एक लक्षात घ्या. गुरं कोरकू-गवळ्यांची, राखणारा गोंड, पैसे देणारा मैदानातून आलेला दुकानदार. यांतला एक जरी घरी बसला तरी सण होत नाही. इथे सण एका जातीचा असतो हे खरं, पण तो एकट्या जातीच्या बळावर कधीच उभा राहिलेला नाही.

परत या आजच्या दिवसात. चिखलदऱ्याजवळच्या मोथ्यात आता स्ट्रॉबेरी पिकते. कोहा, कुंड, बोरी ही गावं वाघासाठी जंगलातून उठून अकोटकडच्या सपाटीवर गेली. अनेक कोरकू कुटुंबं मजुरीसाठी महिनोन्‌महिने बाहेर असतात. पण होळी आली की मिळेल त्या गाडीनं घर गाठतात. कुठल्याही सरकारी योजनेनं माणसं इतक्या नेमानं मेळघाटात परत आणलेली नाहीत.

होळीच्या त्या पाच दिवसांत घाटात तुमची गाडी अडवली जाईल. लुगडं नेसलेल्या बाया, पोरं, एखादा ढोलवाला. "फगवा दे, साहेब!" फगवा म्हणजे होळीची ओवाळणी. काही पर्यटक काच वर करतात, काही न विचारता मोबाइल पुढे करतात. तुम्ही तसं करू नका. खिशात सुटे पैसे ठेवा, खाली उतरा, फगवा द्या, नाव-गाव विचारा, फोटो हवा असेल तर आधी परवानगी घ्या. घुंगरू बाजारातल्या दुकानदारासारखाच या सणात तुमचाही वाटा आहे. तो द्यायला कचरू नका.