नदीवरची पंगत : मिसिसिपीच्या बोटींवर जोडप्याची जागा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मिसिसिपी आणि ओहायो या नद्यांवर चालणाऱ्या वाफेच्या बोटींत जेवणाच्या टेबलाशी कोणी कोठे बसायचे हे प्रवाशाच्या मर्जीवर सोडलेले नसे, आणि त्याने मोजलेल्या भाड्यावरूनही ते पुरतेपणी ठरत नसे. त्याच्याबरोबर स्त्री आहे की नाही, हा तेथे पहिला प्रश्न असे. पत्नीसह प्रवास करणाऱ्या पुरुषाला टेबलाच्या वरच्या टोकाला, कप्तानाच्या आसपास जागा मिळे, आणि तेवढेच भाडे भरलेला एकटा पुरुष मात्र स्त्रिया स्थानापन्न होईपर्यंत खालच्या टोकाला खुर्चीमागे उभा राही. या प्रथेचे वर्णन सहसा त्या काळच्या स्त्रीदाक्षिण्याचा एक नमुना म्हणून केले जाते. ते वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण स्त्रियांचा आणि त्यांच्याबरोबर जोडप्यांचा हा मान आधी बोटीच्या बांधणीत रुजला आणि मग शिष्टाचाराच्या भाषेत बोलू लागला.

पश्चिमेकडील या नद्यांवरची पहिली वाफेची बोट ‘न्यू ऑर्लिन्स’ ही १८११च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गहून निघाली आणि १८१२च्या जानेवारीत, ज्या शहराचे नाव तिला दिले होते त्या शहरी पोहोचली. ती बांधवून घेणारा निकोलस रूझवेल्ट आणि त्याची गर्भवती पत्नी लिडिया या बोटीवर होते, आणि वाटेत लुइव्हिल येथे लिडिया बाळंत झाली. लिडियाच्या सावत्र भावाने पुढे लिहिलेल्या वृत्तांतानुसार बोटीवर दोन दालने होती, मागील बाजूस स्त्रियांचे लहान दालन आणि पुढील बाजूस पुरुषांचे मोठे दालन. त्यांपैकी चार शय्यांचे स्त्रियांचे दालन रूझवेल्ट दांपत्याने आपल्याकडे घेतले. या नोंदीचे महत्त्व असे की, पुढे जवळपास शतकभर टिकलेली विभागणी पहिल्याच बोटीवर आढळते आणि पती पत्नीसह स्त्रियांच्या बाजूला राहतो, पत्नी पतीबरोबर पुरुषांच्या बाजूला जात नाही, हा तिच्यातील सूक्ष्म नियमही तेथेच दिसतो.

स्त्रियांचे दालन मागे का, याचे उत्तर बोटीच्या यंत्ररचनेत आहे. या बोटींचे बॉयलर, म्हणजे वाफ तयार करणारी मोठी बंद पात्रे, पुढच्या भागात खालच्या डेकवर असत. उच्च दाबाची वाफ वापरण्याची तेथील रीत, कच्चे लोखंडकाम आणि एकमेकांशी शर्यत लावणारे कप्तान यांमुळे स्फोट वारंवार होत. १८३८ साली सिनसिनाटी येथे ‘मोझेल’ या नव्या बोटीचे बॉयलर फुटून शंभरांहून अधिक माणसे मेली. त्यामुळे बोटीचा मागील भाग अधिक सुरक्षित मानला जाई. चार्ल्स डिकन्स १८४२च्या एप्रिलमध्ये पत्नी कॅथरीनसह ‘मेसेंजर’ या बोटीने पिट्सबर्गहून सिनसिनाटीला गेला, तेव्हा या जोडप्याला स्त्रियांच्या दालनात उघडणारी दोन शय्यांची इवलीशी खोली मिळाली. बोटी बहुधा पुढच्या बाजूने उडतात, म्हणून होता होईल तो मागे राहा, असा सल्ला आपल्याला अनेकांनी गंभीरपणे दिला होता, हे त्याने ‘अमेरिकन नोट्स’ या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. जोडप्याला मिळणारा मान म्हणजे मुळात स्फोटापासूनचे काही हातांचे अंतर होते.

शतकाच्या मध्यापर्यंत बोटींचा आराखडा पक्का झाला. वरच्या डेकवर बोटीच्या लांबीभर एकच अरुंद आणि उंच दिवाणखाना असे. त्याला सलून किंवा नुसते केबिन म्हणत. त्याच्या दोन्ही बाजूंना ‘स्टेटरूम’ म्हणजे शयनाच्या छोट्या खोल्या असत, आणि प्रत्येक खोलीला एक दार आत सलूनमध्ये व दुसरे बाहेरच्या सज्जावर उघडणारे असे. सलूनच्या पुढच्या टोकाला मद्याचा गुत्ता, कारकुनाची खोली आणि पत्त्यांचे डाव असत. मागचे टोक ते स्त्रियांचे दालन, आणि ते पुष्कळदा पडद्याने किंवा घडीच्या दारांनी वेगळे करता येई. दालन कोठे सुरू होते हे पायाखालच्या गालिच्यावरूनही कळे. जेवणासाठी स्वतंत्र खोली अशी नव्हतीच. वेळ झाली की सलूनच्या मधोमध लांबच लांब टेबल मांडले जाई, जेवण आटोपले की उचलले जाई. अशा जागेत बसण्याची एकच रचना शक्य होती, आणि मराठी वाचकाला तिचे नाव नव्याने शिकावे लागत नाही: ती पंगत होती. पंगतीला वरचे आणि खालचे टोक असते. कोणाला कोठे बसवले यावरून त्याची पायरी सर्वांना दिसते.

वरच्या टोकाला, स्त्रियांच्या दालनाच्या बाजूस, कप्तान बसे. त्याच्या दोन्ही हातांना स्त्रिया, त्यांच्याबरोबरचे पती, पिते, भाऊ आणि मुले, आणि तेथून खाली एकटे पुरुष. बोटीवर लावलेल्या नियमपत्रकांत, पुरुषांनी स्त्रिया बसण्यापूर्वी बसू नये, कोट न घालता टेबलाशी येऊ नये आणि परवानगीशिवाय स्त्रियांच्या दालनात पाऊल टाकू नये, अशा सूचना असत. बोट भरलेली असली तर एका पंगतीत सर्वांचे भागत नसे. टेबल पुन्हा मांडून दुसरी, कधी तिसरी पंगत बसवावी लागे, आणि पहिल्या पंगतीचा हक्क अर्थातच जोडप्यांचा आणि कुटुंबांचा असे. महाराष्ट्रातील जुन्या घरांत पुरुषांची पंगत आधी आणि बायकांची मागून, पतीचे जेवण उरकल्यावर पत्नीचे, असा क्रम होता. मिसिसिपीवर क्रम नेमका उलटा होता, पण दोन्हीकडे कोण कोणाच्या आधी जेवतो या गोष्टीला अन्नापेक्षा कमी महत्त्व नव्हते.

याचा एक परिणाम असा झाला की, स्त्रीची सोबत ही बोटीवर एक प्रकारची सनद ठरली. पत्नी बरोबर असलेल्या पुरुषाला स्त्रियांच्या दालनात मोकळेपणी वावरता येई आणि तो चांगल्या पंगतीला बसे. एकट्या पुरुषाला तेथे प्रवेश हवा असेल तर कोणा स्त्रीशी रीतसर ओळख करून घ्यावी लागे. नवविवाहितांसाठी पुढे मोठ्या बोटींवर ‘ब्रायडल चेंबर’ नावाची खास सजवलेली खोली राखली जाऊ लागली. मार्क ट्वेनने १८८३च्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’मध्ये स्त्रियांच्या दालनातील मऊ गालिच्यानंतर लगेच तिचे वर्णन केले आहे, आणि ही कल्पना काढणाऱ्यावर त्याने चांगलेच तोंडसुख घेतले आहे.

टेबलावरचे प्रत्यक्ष जेवण मात्र या थाटाला साजेसे नसे. इंग्रज लेखिका फ्रान्सिस ट्रोलोप हिने १८२८च्या आरंभी ‘बेल्विडियर’ या बोटीने न्यू ऑर्लिन्सहून मेंफिसपर्यंत प्रवास केला आणि १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तेथील टेबलाचे कठोर वर्णन केले: अधाशी वेगाने खाणारे, सुरीनेच घास तोंडात घालणारे आणि थुंकणारे सहप्रवासी तिला असह्य झाले. डिकन्सला खटकली ती शांतता. ‘मेसेंजर’वर सकाळी सात, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास अशी तीन जेवणे होत, पण कोणी कोणाशी बोलत नसे, जेवण हा आनंदाचा प्रसंग नसून उरकण्याचे काम आहे, अशा मुद्रेने सारे गिळून उठत. या दोन्ही लेखकांचा इंग्रजी अहंकार वजा केला तरी एक गोष्ट उरते. जोडप्याला पंगतीत मानाची जागा होती, परंतु आपसांत बोलण्यासाठी एकांत नव्हता. दोघांनी शेजारी बसायचे ते सर्वांच्या देखत, आणि त्यांचे पती-पत्नी असणे ही पंगतीतील इतरांसाठी एक जाहीर खूण होती.

मान असलेल्या या टेबलाच्या खाली आणि मागे बरीच माणसे होती, आणि त्यांच्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही. खालच्या डेकवर मालाच्या गठ्ठ्यांमध्ये राहणारे ‘डेक पॅसेंजर’ अल्प भाडे देत. त्यांना टेबलच नव्हते, स्वतःचा शिधा आणून तेथील चुलीवर ते शिजवून घेत, आणि त्यांच्यातील जोडप्यांना वरच्या दालनातला कोणताही मान लागू नसे. वाढणारे वाढपी बहुतांशी कृष्णवर्णीय होते, काही स्वतंत्र आणि काही गुलाम. गोऱ्या प्रवाशांची शेवटची पंगत उठल्यानंतर त्यांची वेळ येई. भाडे भरणारा कृष्णवर्णीय प्रवासीही त्या टेबलाशी बसू शकत नसे. यादवी युद्धानंतर काही बोटींवर अशा प्रवाशांसाठी वेगळा कक्ष ठेवला जाऊ लागला आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी कचेरीवरून त्याला ‘ब्यूरो’ असे नाव पडले.

ही रचना न्यायालयात तपासली गेली ती जोसेफीन डेक्यूर या स्त्रीमुळे. ती लुइझियानातील मिश्रवर्णीय जमीनदार घराण्यातील विधवा होती. १८७२च्या जुलैमध्ये ती न्यू ऑर्लिन्सहून ‘गव्हर्नर अ‍ॅलन’ या बोटीने आपल्या परगण्याकडे निघाली आणि तिने स्त्रियांच्या दालनातील खोली मागितली. ती नाकारण्यात आली, तेव्हा ब्यूरोत न जाता तिने रात्र दालनामागे खुर्चीवर बसून काढली. प्रवासात वर्णावरून भेद करण्यास मनाई करणारा १८६९चा राज्याचा कायदा तिच्या बाजूने होता आणि लुइझियानातील न्यायालयांनी तिला १,००० डॉलरची भरपाई दिली. परंतु १८७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला: बोट राज्याच्या सीमेपलीकडे व्हिक्सबर्गपर्यंत जात असल्याने तिचे नियमन ही आंतरराज्य व्यापाराची बाब आहे आणि एखाद्या राज्याला तो अधिकार नाही, अशी भूमिका सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी मांडली. व्यापाराच्या भाषेत लिहिलेल्या या निर्णयाने प्रत्यक्षात ‘लेडी’ या शब्दाची व्याख्या कप्तानाच्या हाती सोपवली. ज्या दालनाने अर्धशतकाहून अधिक काळ स्त्रीला संरक्षण आणि पहिली पंगत देण्याचा डौल मिरवला, त्याने एका सुसंस्कृत विधवेला रात्रभर खुर्चीवर बसवून ठेवले. या प्रथेचे मोल करताना ही गोष्ट तळटीप म्हणून नव्हे, मुख्य मजकुरात यायला हवी.

अन्य नद्यांवर चित्र वेगळे होते. ऱ्हाइनवर कलोन ते माइन्झ ही नियमित वाफेच्या बोटींची सेवा १८२७ साली सुरू झाली, पण तो दिवसाचा प्रवास होता; रात्री प्रवासी काठावरच्या खानावळींत उतरत, आणि शयनाची दालनेच नसल्यामुळे स्त्री-पुरुषांची विभागणी टेबलापर्यंत पोहोचण्याचे कारण उरले नाही. नाईलवर श्रीमंत प्रवासी ‘दहबिया’ नावाची शिडाची बोट संपूर्ण भाड्याने घेत, त्यामुळे टेबलाशी कोण बसणार हे निघण्यापूर्वीच ठरलेले असे. इंग्रज लेखिका अमेलिया एडवर्ड्स १८७३-७४च्या हिवाळ्यात ‘फिले’ या दहबियाने गेली तेव्हा एक नवविवाहित जोडपे सहभागी झाले आणि तिच्या १८७७च्या पुस्तकात ते ‘सुखी जोडपे’ याच नावाने वावरते.

आजच्या युरोपीय नदी-सहलींत जोडप्यांचाच भरणा असतो, आणि तरीही दोघांसाठीचे टेबल ही तेथे दुर्मीळ वस्तू आहे. याचेही कारण बांधणीतच सापडते. १९९२ साली माइन-डॅन्यूब कालवा खुला झाला आणि ऱ्हाइनपासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जलमार्ग तयार झाला. त्यावरील जलपाशांची, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दरवाजाबंद कोठ्यांची, रुंदी १२ मीटर असल्याने बोट सुमारे साडेअकरा मीटरच रुंद ठेवावी लागते, पुलांमुळे उंची वाढवता येत नाही, आणि लांबी १३५ मीटरपर्यंतच नेता येते. इतक्या जागेत सुमारे १९० प्रवाशांना एकाच वेळी, एकाच दालनात जेवू घालायचे तर चार, सहा आणि आठ जणांची टेबले मांडावी लागतात. जागा राखून ठेवलेल्या नसतात, जो तो येईल तसा बसतो. मिसिसिपीच्या पंगतीत जोडप्याची जागा ठरलेली होती आणि शेजारीही जवळपास ठरलेले होते. येथे दोन्ही रोज नव्याने ठरतात, आणि खिडकीजवळचे दोघांचे टेबल हवे असणाऱ्यांना दार उघडण्यापूर्वी रांगेत उभे राहावे लागते.

खुद्द मिसिसिपीवर जुन्या थाटाची आठवण ठेवून १९९५ साली बांधलेल्या ‘अमेरिकन क्वीन’ या बोटीच्या भोजनगृहाला ‘जे. एम. व्हाइट’ या १८७८च्या वैभवशाली बोटीचे नाव देण्यात आले आणि जेवण दोन ठरावीक पाळ्यांत होई. तिच्यावर स्त्रियांची बैठक आणि पुरुषांची पत्त्यांची खोली अशी दोन दालने जुन्या धर्तीवर सजवलेली होती. दोन्हींची दारे कोणालाही उघडी असत, आणि पती-पत्नी त्यांपैकी कोणत्याही खोलीत बसून आपल्या पाळीची वाट पाहू शकत.