लावणीवरची सही

जुनी लावणी कळायला दोन गोष्टी याव्या लागतात : आकडे आणि सह्या. मी बी. कॉम. आहे आणि गेली वीस वर्षे बँकेत या दोहोंखेरीज तिसरे काही पाहिलेले नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार आपण मान्य कराल.

आधी आकडे घेऊ. आमच्या म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाची यात्रा भरते. अशा यात्रा-जत्रांतून पूर्वी महाराष्ट्रभर कलगी-तुऱ्याचे सामने रंगत. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एका पक्षाने गाण्यात कोडे घालायचे, दुसऱ्याने ते गाण्यातच सोडवायचे. याला भेदिक म्हणतात. कुणी नऊ दारांच्या वाड्याचा मालक विचारला, तर नगरपालिकेत घरपट्टीचा उतारा काढायला धावू नये. वाडा म्हणजे आपला देह. दारे ज्याची त्याने मोजून घ्यावीत. पाच आले की पंचमहाभूते, सहा आले की षड्रिपू, अठरा आले की पुराणे. हिशेब जुळेपर्यंत रात्र सरली तरी कुणी उठत नसे. आमच्याकडे याला 'टॅली लागणे' म्हणतात. फरक एवढाच, की तिथे सोबतीला डफ-तुणतुणे असे.

आता सह्या. शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो, ती नाममुद्रा. पण शेवटचे कडवे लागले रे लागले, की आपली मंडळी चपला शोधू लागतात! मग काय व्हायचे? १९५१ च्या 'अमर भूपाळी' चित्रपटाने घरोघरी नेलेल्या भूपाळीच्या अखेरीस 'होनाजी बाळा' असे शब्द येतात. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी ठामपणे म्हणाले, ''अहो, होनाजी आपल्या लेकराला हाक मारतोय, बाळा म्हणून!''

वास्तविक ही माणसे दोन. होनाजी शिलारखाने हा उत्तर पेशवाईतला पुण्याचा गवळी; रचना त्याची. बाळा कारंजकर त्याचा जोडीदार; गळा त्याचा. म्हणजे हे जॉइंट खाते झाले. तेही 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' नव्हे, दोघांच्याही सह्या लागणारे! लिहिणाऱ्याने गाणाऱ्याला असे बरोबरीने बसवलेले सहसा दिसत नाही.

दुसरी सही पठ्ठे बापूरावांची. हे गिऱ्हाईक केवायसीला आले असते तर काउंटरवर पंचाईतच झाली असती. कागदावर नाव श्रीधर कुलकर्णी, जन्म १८६६, गाव वाळवे तालुक्यातले रेठरे हरणाक्ष. हा ब्राह्मणाचा मुलगा तमाशात गेला आणि त्याच्या सहीतून कुलकर्णी कायमचा गळाला. त्याच्या आधीचा सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. पण त्याच्या सहीत ना धर्म, ना धंदा. आडनाव विचारल्याशिवाय चहाचा कप पुढे न करणाऱ्या आपल्या मुलखात ही केवढी सोय!

पण एका खात्याचा हिशेब मला काही केल्या जुळत नाही. बापूरावांच्या लावण्या गाजल्या त्या पवळाबाईंमुळे. त्या संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाच्या, महार समाजातल्या. माणसे लोटत ती त्यांना पाहायला आणि ऐकायला. जातीची भिंत ओलांडून दोघांनी मिळून फड उभा केला, त्यासाठी शिव्याशापही दोघांनी खाल्ले. पण लावणीच्या शेवटी सही राहिली ती 'पठ्ठे बापूराव' एवढीच. १९४५ साली बापूराव गेले, त्यांची सही आजही वटते. होनाजीने बाळाला दिलेला सहीचा अधिकार पवळाबाईंना मात्र मिळाला नाही.

म्हणून आपले एवढेच सांगणे, की शेवटच्या कडव्याला उठू नका, चपला कुठे जात नाहीत. सही नीट ऐका. आणि जिच्या पायांतल्या चाळांनी रात्र जागवली, तिचे नाव त्यात नसेल, तर फडाच्या मालकाला जाऊन विचारा. अपुऱ्या सहीचा चेक आम्ही परत पाठवतो. लावणी काही परत पाठवता येत नाही. निदान राहिलेले नाव तरी आपण आपल्या हाताने लिहून ठेवावे.