नराच्या पोटात गाभोळी

इंग्लंडमधली ली नदी ल्युटनजवळ उगम पावते आणि पूर्व लंडनमध्ये थेम्सला मिळते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे गळ टाकून बसणाऱ्या हौशी मासेमारांना काही विचित्र रोच मासे मिळू लागले. नर म्हणावेत की मादी, हेच कळेना. वृषणाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर शुक्रपेशींच्या दाटीत मधूनमधून गोल, टपोऱ्या बीजांडपेशी! मासे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या पाण्यातले होते.

सांडपाण्यावरचा संशय पक्का करायला शास्त्रज्ञांनी ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून अशा केंद्रांच्या तोंडाशी सोडले. काही आठवड्यांनी त्यांचे रक्त तपासले. व्हायटेलोजेनिन हे अंड्यातल्या बलकाचे मूळ प्रथिन मादीच्या यकृतात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या हुकमाने तयार होते. नराकडेही त्याचे जनुक असते, पण हुकूम देणारे कुणी नसते. इथे मात्र नरांच्या रक्तातही ते भरपूर सापडले. ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांचे हे निष्कर्ष १९९४मध्ये छापून आले.

मग हुकूम देत होते कोण?

यॉर्कशायरच्या एअर नदीवर उत्तर लवकर मिळाले. तिथल्या गिरण्यांत लोकरीचा तेलकटपणा काढायला जी रसायने वापरत, त्यांचे विघटन होऊन नोनिलफेनॉल उरे आणि ते इस्ट्रोजेनची नक्कल करी. गिरण्यांनी रसायन बदलले, तसे माशांच्या रक्तातले प्रथिनही उतरले. २००५पासून युरोपीय संघाने त्या रसायनांच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली.

इतर नद्यांकाठी मात्र गिरणी नव्हतीच. १९९८मध्ये घरगुती सांडपाण्यातली खरी नावे कळली: स्त्रियांच्या लघवीतून येणारी नैसर्गिक इस्ट्रोन व इस्ट्राडायोल आणि गर्भनिरोधक गोळ्यांतले एथिनिलइस्ट्राडायोल.

गोळीतल्या संप्रेरकाच्या सूक्ष्म मात्रेने काय होते, हे कॅनडाने एका अख्ख्या तळ्यावर आजमावले. ऑन्टारिओतल्या ‘लेक २६०’मध्ये २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत ते सोडले, प्रमाण लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो हे छोटे मासे तळ्यातून जवळपास नाहीसे झाले. संप्रेरक थांबवल्यावर काही वर्षांनी ते पुन्हा वाढले.

तरीही २०१३मध्ये युरोपीय संघाने या संप्रेरकाला मर्यादा घातली नाही, फक्त निरीक्षण यादीत टाकले. गिरणीला साबण बदलायला सांगता येते. घराघरांतल्या गोळ्या थांबवता येत नाहीत. उरतो तो शुद्धीकरण केंद्रात ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा खर्चिक टप्पा. स्वित्झर्लंडने २०१६पासून निवडक केंद्रांना अशी जादा प्रक्रिया सक्तीची केली.