मृत पित्याचे कर्ज व वारसांचे दायित्व

मृताचे देणे त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीतून फेडायचे, वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नव्हे, असा आज भारतात सर्वसाधारण नियम आहे. हिंदू कायदा बऱ्याच उशिरा या नियमापर्यंत आला.

धर्मशास्त्राने कर्जफेड परलोकाशी जोडली. ऋण अंगावर घेऊन मेलेल्या पित्याला सद्गती नाही, म्हणून ते फेडणे हे पुत्राचे कर्तव्य. स्मृतिकार बृहस्पतीच्या मते पुत्राने बापाचे कर्ज स्वतःचे समजून सव्याज द्यावे, नातवाने नुसते मुद्दल द्यावे, पणतूने काही देऊ नये. मद्य, काम व जुगार यांपायी झालेले कर्ज, थकलेला दंड व शुल्क, आणि फुकट दिलेली वचने यांतून याज्ञवल्क्यस्मृतीने पुत्राला मोकळे केले. अशी कर्जे ‘अव्यावहारिक’ होत. न्यायालयात मात्र बापाची ही व्यसने शाबीत करण्याचा भार मुलावरच येई.

मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हे कर्तव्य शब्दशः घेतले. मिळकत हाती येवो न येवो, वारस कर्जाला व्यक्तिशः बांधलेला राही. १८६६ च्या सातव्या कायद्याने ही सक्ती उठवून दायित्व मिळालेल्या मिळकतीपुरते केले. विधवेशी लग्न करणाऱ्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचे कर्ज येणार नाही, हेही त्यातच आले. सावकाराला मात्र पळवाट होती: बापाच्या बाकीचा नवा रोखा मुलाकडून लिहून घेतला की कर्ज मुलाचेच. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला सावकारांविरुद्ध पेटलेल्या दंगलीत शेतकऱ्यांचा रोख अशा कागदांवरच होता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना दिली.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील मुलाचा हिस्सा तरीही बापाच्या खाजगी कर्जात अडकत असे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून, केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलगा, नातू वा पणतू यांच्याकडून वसुली करण्याचा हक्क संपवला. त्याआधीची कर्जे वगळली. मुलीला समान हक्क आणि समान दायित्वे देणारी दुरुस्तीही हीच.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० नुसार हुकूमनाम्याची वसुली वारसाच्या हाती आलेल्या व रीतसर खर्ची न पडलेल्या मिळकतीपुरतीच होते. मिळकतीचा हिशेब देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरता तो स्वतः अडकतो. मुस्लिम कायद्यात दफनखर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्राप्रमाणे देणे आणि उरलेले वारसांना, असा क्रम आहे.

व्यवहारात दोन गोष्टींनी फसगत होते. सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर असेल, तर वारसनोंद झाली तरी तो जमिनीबरोबर येतो. गहाण घराचेही तसेच. दुसरे म्हणजे सही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून मुलाने सही केली असेल, तर बँक त्याला वारस म्हणून नव्हे, करारातला पक्ष म्हणून धरते, आणि मग बापाने मागे काही ठेवले की नाही हा प्रश्नच उरत नाही.