तगराभोवतीचे वन : कला, शास्त्र आणि वनविद्या यांची साक्ष

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजेच प्राचीन तगर होय, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये सप्रमाण प्रतिपादन केले. तेव्हापासून तेरचा अभ्यास मुख्यतः व्यापार, स्थापत्य आणि उत्खनित वस्तू यांच्या अनुरोधाने होत आला. या नगराभोवतीची भूमी कशी होती, तिच्यावर अरण्य होते की माळ, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. आज त्याला केवळ पुरातत्त्वीय महत्त्व उरलेले नाही. धाराशिव जिल्ह्यातील वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, पाऊस बेभरवशाचा आहे, आणि उघड्या जमिनीवर काय लावावे याचे निर्णय सतत घेतले जात आहेत. पूर्वी येथे सर्वत्र घनदाट अरण्य होते, हे त्यामागे पुष्कळदा गृहीत धरलेले असते. या गृहीतकास कितपत आधार आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम लिखित साक्ष पाहावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथील कापड धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचला नेले जाई, असे वर्णन आहे. दक्षिणापथातील ओसाड मुलूख, मोठे पर्वत, वाघ, बिबटे, हत्ती आणि तरस यांचाही त्यात उल्लेख येतो. मात्र हे वर्णन संपूर्ण अंतर्भागाचे आहे, एकट्या तगर-परिसराचे नव्हे. शिवाय त्यात पर्वतांबरोबर ओसाड प्रदेशही आहेत. गाड्यांचे तांडे जेथून जात, तो मुलूख सर्वस्वी निबिड अरण्याचा असणे संभवत नाही.

दुसरी साक्ष कलेची. हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२–०३ च्या अहवालात तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे वर्णन करून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे मत मांडले. गजपृष्ठाकार विधान आणि कमानदार छत असलेली ही वास्तू विटांची आहे. परंतु तिचा आकार काष्ठस्थापत्यातून आलेला आहे. भाजे व कार्ले येथील लेण्यांत दगडी छताखाली बसविलेल्या लाकडी फासळ्या या परंपरेचे मूळ रूप दाखवितात. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट हा तर तेरच्या सुतारकामाचा दुर्मिळ अवशेष होय. तेव्हा मोठे लाकूड उपलब्ध होते, एवढे यावरून निश्चित ठरते. ते जवळच्या डोंगरातले होते की दुरून आणलेले, हे केवळ कोरीव कामावरून ठरत नाही. उलट विटा, मातीची भांडी आणि मृण्मूर्ती यांची विपुलता दुसरीच गोष्ट सुचविते. प्रत्येक वीट भट्टीतून आणि प्रत्येक मडके आव्यातून निघते, आणि त्यांना सरपण लागते. संत गोरोबांच्या या गावी कुंभाराचा व्यवसाय प्राचीन काळापासून चालत आला आहे. जी कला वनाची साक्ष देते, तिनेच वनाचा क्षयही केला असावा.

तिसरी साक्ष शास्त्राची. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे विष्णु-मित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरच्या प्राचीन वनस्पती-अर्थव्यवस्थेवरील निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. जळके धान्य, बिया आणि कोळसा यांच्या सूक्ष्म रचनेवरून वनस्पतीची ओळख पटते. त्यामुळे कलावस्तू जे सांगू शकत नाही, ते चुलीतील कोळसा सांगतो. हवामानासंबंधी लोणार सरोवराच्या गाळाची साक्ष महत्त्वाची आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे मोसमी पावसाच्या दुर्बलतेचे दोन दीर्घ कालखंड आढळले. म्हणजे तगराची भरभराट आणि नंतरचा मोठा काळ अवर्षणाच्या छायेत गेला. आजचे अवर्षण या भूमीस सर्वस्वी नवे नाही.

या साक्षींचा मेळ कसा घालावा, याचा नमुना २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांच्या अभ्यासाने दिला. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख तपासून तेथील झाडे-गवताचे माळ निदान साडेसातशे वर्षांचे जुने असल्याचे त्यांनी दाखविले. हे माळ नष्ट झालेल्या अरण्याचे अवशेष नव्हेत, ती स्वतंत्र परिसंस्था होय. हा निष्कर्ष तेरला जसाच्या तसा लावता येणार नाही, तथापि ही पद्धत निश्चितच लावता येईल.

वननियोजनाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. राज्यात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. अशा मोहिमेत संख्या मोजता येते. जागा योग्य की अयोग्य, हे मोजले जात नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. त्या पक्ष्याला मोकळे गवताळ रानच लागते, दाट झाडी नव्हे. याउलट तेरपासून फार दूर नसलेले येडशी रामलिंग घाट अभयारण्य अवघे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे असून १९९७ मध्ये घोषित झाले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे टिपेश्वरहून सुमारे ४५० किलोमीटर अंतर कापून आलेला वाघ छायाचित्रयंत्रात टिपला गेला. बालाघाटातील घळी आणि ओढ्यांकाठचे वन अद्याप निर्जीव झालेले नाही, हे त्यावरून दिसते.

तात्पर्य, या प्रदेशाच्या भूतकाळात एकच वन नव्हते. घळींत पानगळीची झाडी आणि मुरमाड पठारावर गवत, बोर व बाभूळ असे संमिश्र चित्र अधिक संभवनीय ठरते. म्हणून नियोजनही जमिनीगणिक भिन्न असावयास हवे : घळींत स्थानिक वृक्षांचे मिश्रण, पठारावर गवताचे रक्षण, आणि एकाच जातीच्या सरसकट लागवडीस मज्जाव. पुढील पाऊस कसा असेल हे निश्चित सांगता येत नाही. अशा वेळी एकाच जातीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. आज लावलेला साग तोडणीयोग्य होईपर्यंत दोन पिढ्या जातात. त्या अवधीत झालेली चूक दुरुस्त होण्यासारखी नसते. म्हणूनच रोप निवडण्यापूर्वी संग्रहालयातील द्वारचौकट, उत्खननातील कोळसा आणि सरोवरातील गाळ यांची एकत्र साक्ष घेणे हे पुरातत्त्वज्ञाइतकेच वनाधिकाऱ्याचेही कर्तव्य ठरते.