पिस्तुलाचे म्यान

शस्त्रांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. शस्त्र ज्यात राहते त्या म्यानाचा इतिहास लिहावा असे फार थोड्यांस वाटले. तलवारीच्या म्यानाला निदान मखमल व सोन्यारुप्याचा साज लाभला, म्हणून संग्रहालयांतील कपाटांत त्यास जागा मिळाली. पिस्तुलाच्या चामडी म्यानास, म्हणजे ज्याला आपण सरसकट होल्स्टर म्हणतो त्यास, तेवढेही भाग्य नाही. आणि तरी आमच्या वाचकांपैकी जे पोलिसखात्यात किंवा सैन्यात आहेत, त्यांच्या कमरेच्या व खांद्याच्या पट्ट्याचा उगम याच म्यानाच्या गरजेत आहे, तोही विलायतेत नव्हे, हिंदुस्थानच्या भूमीवर. तेव्हा आपल्या अंगावरच्या या वस्तूची कुळकथा आपणांस ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

आरंभी हे म्यान माणसाचे नव्हतेच, ते घोड्याचे होते. चकमकीची लांब पिस्तुले जोडीने वापरीत आणि खोगिराच्या पुढच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंस चामड्याचे दोन नळे लटकावून त्यांत ती ठेवीत. यात एक मोठे वैगुण्य होते. घोडा पडला किंवा उधळला, की पिस्तुले त्याच्याबरोबर जात आणि ज्या क्षणी त्यांची खरी गरज, त्याच क्षणी स्वार निःशस्त्र होई. सॅम्युएल कोल्टचे १८४७ सालचे वॉकर रिव्हॉल्व्हर साडेचार पौंडांहून जड होते. ते खोगिरावरच वाहून नेणे भाग होते. पुढे १८५१ साली त्याच कारखान्याचे ‘नेव्ही’ नावाचे अडीच पौंडांच्या आसपासचे रिव्हॉल्व्हर निघाले आणि शस्त्र घोड्यावरून उतरून माणसाच्या कमरेस आले.

कमरेस आले खरे, पण तेथे तलवार आधीपासून नांदत होती. एका पट्ट्यावर दोघींचा संसार नीट चालेना. तलवारीचे म्यान चालताना पायांत येई. ते डाव्या हाताने धरावे लागे, आणि तलवार उपसतानाही म्यानाचे तोंड डाव्या हातानेच स्थिर ठेवावे लागे. ज्यास डावा हातच नाही त्याने काय करावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. १८२४ साली बराकपूर येथे जन्मलेला सॅम ब्राउन हा दुसऱ्या पंजाब अनियमित घोडदळाचा अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी रोहिलखंडात सीरपुरा येथे उठाव करणाऱ्यांच्या एका तोफेवर तो केवळ एका स्वारासह चालून गेला. तोफ पुन्हा भरू द्यावयाची नाही एवढाच त्याचा हेतू होता. त्या झटापटीत तलवारीच्या घावाने त्याचा डावा हात खांद्यापासून तुटला. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या समोर जे उभे होते ते आपलेच लोक होते, हे विसरून या शौर्याची कथा सांगणे आम्हांस जमत नाही. पण शौर्य नाकारण्याचेही कारण नाही.

हात गेल्यावर त्याने जो पट्टा रूढ केला, त्याची रचना साधी आहे. कमरेचा रुंद पट्टा. त्याच्या डाव्या बाजूस तलवार घट्ट धरणारे चामड्याचे घर. उजव्या बाजूस झडप असलेले पिस्तुलाचे म्यान. आणि या सर्वांचा भार कमरेवर पडू नये म्हणून खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा. तलवार आता हलत नव्हती, म्हणून ती एका हाताने उपसता येत होती. पिस्तूल झडपेखाली सुरक्षित असल्याने दौडीत गळून पडण्याचे किंवा अवचित उडण्याचे भय कमी झाले. अशा पट्ट्याची कल्पना आपलीही होती असे सांगणारे दुसरे अधिकारी नव्हते असे नाही; परंतु नाव मात्र ब्राउनचेच राहिले. बोअर युद्धात, म्हणजे १८९९ ते १९०२ या काळात, धडधाकट अधिकाऱ्यांच्या अंगावरही तो सर्रास दिसू लागला. एका हाताच्या माणसाची सोय दोन हातांच्या माणसांचे भूषण झाली.

आता हे म्यान तयार कसे होते ते पाहू. कारण आमच्या मते त्याचा खरा इतिहास रणांगणापेक्षा रापीपाशी अधिक आहे. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कमावलेले, साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचे कातडे घ्यावयाचे. आधी कागद शस्त्राभोवती दुमडून त्यावर बेत काढतात. येथे नवशिक्याचा हमखास घात होतो. कातड्यालाही स्वतःची जाडी असते, तिच्यासाठी जागा न सोडल्यास शिवून झालेल्या म्यानात शस्त्र शिरतच नाही. मग रापीने कापणे, आरीने तिरपी भोके पाडणे आणि शिवण. ही शिवण एका दोऱ्याची व दोन सुयांची. मेण चोळलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांस सुया ओवतात आणि प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून आरपार जातात. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा तग धरतो. यंत्राच्या टाक्यात हा गुण नाही. तेथे वरचा व खालचा दोरा एकमेकांत केवळ अडकलेले असतात, आणि एक तुटला की शिवण उसवू लागते.

शिवण झाली की खरी गंमत. म्यान कोमट पाण्यात बुडवितात. बुडबुडे थांबले की कातडे पुरेसे प्याले असे समजावे. मग त्यात शस्त्र घालून बोटांनी व हाडाच्या गुळगुळीत पट्टीने कातडे दाबीत जावयाचे, म्हणजे नळी, चक्री व चापाभोवतीची कडी यांचे उठाव वर येतात. जोडे करणारा जसा कलबूत वापरतो तसा येथे शस्त्राचा लाकडी नमुना वापरणे सर्वांत उत्तम. खरे शस्त्र घ्यावयाचे तर ते रिकामे केल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, तेलकट कापडात गुंडाळून. वाळविणे सावलीत, घाई न करता. कडक उन्हात किंवा शेगडीपाशी ठेवलेले ओले कातडे आकसते आणि ठिसूळ होते. सावकाश वाळलेले कातडे मात्र दिलेला आकार स्मरणात ठेवते आणि वर्षानुवर्षे तेच एक शस्त्र ओळखते.

वर सांगितलेली शिवण दोन हातांची आहे. एका हाताने ती होतच नाही. म्हणजे सॅम ब्राउनचा पट्टा सॅम ब्राउनने शिवलेला असणे शक्य नाही. प्रत्येक घोडदळाबरोबर खोगिरे शिवणारे कारागीर असत, त्यांच्यापैकी कोणीतरी पाटावर बसून तो शिवला असणार. ज्या समाजाने चांभाराला शिवायचे नाही असे ठरविले होते, त्या समाजाच्या पुढल्या पिढ्यांतील अधिकाऱ्यांनी त्याने शिवलेला पट्टा मोठ्या अभिमानाने छातीवर मिरविला. याचे आश्चर्य कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

१८५७ नंतर हे काम पाटावरून कारखान्यात गेले. लष्कराचे चामडी सामान विलायतेहून आणणे महागाचे आणि अडचणीचे होते, म्हणून १८६० च्या सुमारास कानपूर येथे सरकारी खोगीर कारखाना उभा राहिला. कानपूरच का? गंगायमुनांच्या दोआबात बाभूळ विपुल, आणि कातडे कमावणारी व शिवणारी वस्ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या होती. पुढे १८८० नंतर कूपर ॲलन कंपनीही तेथेच भरभराटली. यंत्रे साहेबांची, हात आणि झाड मात्र येथलेच.

नंतर क्रोम कमाई आली. मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ साली तिचे प्रयोग सुरू केले. क्रोमचे चामडे लवकर तयार होते, मऊ असते, पाण्याला दाद देत नाही, आणि बुटांना फार चांगले. पण पाण्याला दाद न देणारे कातडे ओले करून घडविणार कसे? ते आकार धरीत नाही. म्हणून आकार देऊन करावयाच्या म्यानासाठी सालीच्या कमाईस तोड राहिली नाही. पहिल्या महायुद्धात मात्र पट्ट्याच्या वैभवास ओहोटी लागली. त्याच्यामुळे अधिकारी दुरून ओळखू येई व शत्रूचा नेमबाज त्यासच टिपी. तेव्हा खंदकांतील अनेक अधिकाऱ्यांनी शिपायाचा वेष पत्करला. सामान्य शिपायासाठी तर १९०८ पासूनच विणलेल्या सुती पट्ट्यांचा संच होता.

आणि मग हे काम एका वेगळ्या वाटेने पुन्हा घरात आले. कॅलिफोर्नियात जॉन बियांची नावाच्या एका पोलिसाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस नोकरी सांभाळून घरच्या गॅरेजमध्ये सहकाऱ्यांसाठी म्याने शिवण्यास आरंभ केला. पुढे त्याचा मोठा कारखाना झाला. सरकारी म्यान सर्वांसाठी एकच असते, माणसांच्या कंबरा व सवयी निरनिराळ्या असतात, हे ते रोज बांधणाऱ्यासच कळावयाचे. आज तिकडे प्लॅस्टिकची म्याने सर्वत्र झाली आहेत, तरी घरी बसून कातडे भिजविणारे हौशी लोक कमी झालेले नाहीत.

कानपूरचा तो जुना कारखाना पुढे आयुध निर्माणीपैकी एक झाला आणि २०२१ सालच्या फेररचनेत ट्रूप कम्फर्ट्स या सरकारी कंपनीकडे गेला. आपल्याकडे पोलिस अधिकाऱ्यांच्या समारंभी पोषाखात तिरपा पट्टा अजून आहे. तलवारीसाठी तो जन्मास आला, आणि संचलनात तलवारही त्याच्यासोबत असते.

ज्यांच्यापाशी चामडी म्यान आहे आणि ज्यांची नेमणूक आसामात, केरळात किंवा कोकणपट्टीत आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की सालीने कमावलेल्या कातड्यात आंबट द्रव्य असते व ते हवेतील ओल शोषते. पावसाळ्यात शस्त्र त्यातच ठेवून दिल्यास लोखंडास गंज चढतो आणि पट्ट्यात खोचलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा थर धरतो. रात्री शस्त्र बाहेर काढून पुसावे, ते नियमाप्रमाणे कुलपात ठेवावे, आणि म्यान वाऱ्यावर टांगावे. तेल अगदी बेताने लावावे. तेलाने मऊ पडलेले म्यान आपला आकार विसरते.